दमून आलात? मग अर्धा तास शेळी व्हा

अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या माणसाला ३१ मार्चची रात्र वेगळी सांगायला नको. घरी येऊन आंघोळ झाली, जेवण झालं, तरी डोळ्यांपुढे रकाने सरकत राहतात आणि झोप काही येत नाही. अशाच एका १ एप्रिलला भाच्याने लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, हे घे. काही करायचं नाहीये. तू फक्त शेळी आहेस."

मी शेळी झाले. कुंपणाला धडक दिली, कुंपण मोडलं. एका काकांना धडक दिली, काका आडवे. रस्त्यावर गेले तर गाडीने उडवलं. शेळी हवेत गेली, चार पाय चार दिशांना, जीभ बाहेर लोंबतेय, मान पिळलेल्या टॉवेलसारखी झालेली. आता 'गेम ओव्हर' येणार म्हणून मी थांबले. ते आलंच नाही. शेळी उठून उभी राहिली आणि भाचा म्हणाला, "आता त्या काकांना चाट." मी चाटलं. काका जिभेला चिकटले आणि मागे फरफटत आले. त्या रात्री मी इतकी हसले की आई आतून उठून बघायला आली.

त्या खेळाचं नाव गोट सिम्युलेटर. तेव्हापासून दमलेल्या संध्याकाळी हाच माझा उपाय आहे, आणि ऑफिसातल्या तिघी-चौघींना मी तो लावलाही आहे. त्यातल्या दोघींनी पहिल्याच दिवशी चुकीचा खेळ उचलला आणि आणखी वैतागल्या. लुडो आणि रमीपलीकडे कधी काही न खेळलेल्या माणसांची अशी चूक होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते

बहुतेक गेम्समध्ये पात्राचं चालणं, उडी मारणं, पडणं आधीच बसवलेलं असतं. बटण दाबलं की तीच हालचाल दिसते. नाटकातला नट रोज त्याच जागी तसाच पडतो ना, तसं. फिजिक्सवर चालणाऱ्या गेममध्ये पडणं असं बसवलेलं नसतं. प्राण्याचं शरीर म्हणजे सांध्यांनी जोडलेले कडक तुकडे: डोकं, मान, धड, पाय. प्रत्येक तुकड्याला वजन असतं, आणि गेमचं इंजिन, म्हणजे त्याच्या आतला हिशोबाचा प्रोग्राम, सेकंदाला कित्येकदा हिशोब करतं की आता कुठला तुकडा कुठे आदळला, किती जोरात आदळला आणि सांध्यातून ओढ कुठे गेली. शेळी स्वतःच्या पायांवर असते तोवर कळसूत्री बाहुलीसारखी, सूत्रं ओढलेली. धक्का बसला की सूत्रं कापली जातात आणि उरतं ते चिंध्यांच्या बाहुलीसारखं गाठोडं. या प्रकाराला इंग्रजीतून आलेला शब्दही तोच आहे, रॅगडॉल.

तुम्ही हे आधी खेळलेलं असणार. २००९ मध्ये फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा अँग्री बर्ड्स आला तेव्हा लोकलमध्ये निम्मा डबा गलोल ओढत बसलेला असायचा. पक्षी आदळल्यावर लाकडं कशी कोसळतील ते बॉक्स२डी नावाच्या फिजिक्स इंजिनाच्या हिशोबाने ठरायचं, म्हणून तर नेम थोडा चुकूनही कधी कधी अख्खा डोलारा खाली यायचा आणि आपण न केलेल्या हुशारीचं श्रेय घ्यायचो.

आता यातली खरी गंमत. दोन हिशोबांच्या मध्ये शेळीचं शिंग शिडीच्या आत घुसलं, तर इंजिनाला दिसतं की दोन घन वस्तू एकाच जागी आहेत. हे चालत नाही, म्हणून ते त्यांना एकमेकांपासून ढकलतं. जितकं आत घुसलेलं, तितका ढकलण्याचा जोर. त्यामुळे शिडीत अडकलेली शेळी कधी कधी सरळ आभाळात जाते. इतर गेममध्ये हा दोष. गोट सिम्युलेटर बनवणाऱ्या स्वीडनच्या कॉफी स्टेन स्टुडिओने मात्र उघड सांगून टाकलं की गेम बंद पाडणारे दोष तेवढे आम्ही काढू, बाकीचे विनोदी आहेत, राहू देत. आमच्या ऑफिसात कुणी असं म्हणून दाखवावं!

मुळात हा खेळ विकायला बनवलेलाच नव्हता. २०१४ च्या जानेवारीत स्टुडिओतल्या लोकांनी आपापसात गंमत म्हणून त्याचा नमुना केला, त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, आणि लोक मागेच लागले. शेवटी १ एप्रिल २०१४ ला खरोखरच बाजारात आणला. तारीख बघून अनेकांना ती थट्टा वाटली असेल. मला ती अकाउंट्सवाल्यांची सोय वाटते.

खेळ निवडताना एकच प्रश्न विचारा

पडल्यावर किती मागे जावं लागतं?

हा प्रश्न मी माझ्या चुकीतून शिकले. शेळीची चटक लागल्यावर मला वाटलं, प्राणी आहे, हास्यास्पद हालतोय, म्हणजे डोकं शांत होणार. म्हणून सेलमध्ये आय अ‍ॅम फिश घेतला. २०२१ चा गेम, बोसा स्टुडिओजचा. काचेच्या गोल भांड्यात एक गोल्डफिश, तिने आत पोहून भांडं घरंगळवत समुद्राकडे न्यायचं. बघायला इतकं गोड की विचारू नका. पण भांडं उतारावरून थोडं जास्त वेगाने सुटलं की खाली फुटतं, आणि मासा परत मागच्या टप्प्यावर. रात्री साडेअकराला 'फक्त एवढा पूल ओलांडते' म्हणून बसले आणि पावणेदोनला दात-ओठ खात उठले. दुसऱ्या दिवशी एका व्हाउचरवर मी तारीखच चुकवली. गेम वाईट नाही. माझ्या कामाला चुकीचा होता, इतकंच.

तेव्हा दिसायला एकसारखे असले तरी या खेळांचे दोन ढीग आहेत. एका ढिगात पडणं हाच खेळ असतो, पडल्यावर काही जात नाही. दुसऱ्या ढिगात पडणं ही शिक्षा असते आणि चढण पुन्हा चढायची असते. दमलेल्या माणसाने दुसऱ्या ढिगाला हात लावू नये.

दुसऱ्या ढिगातले आणखी दोन सांगते, कारण फोटो बघून हेच आधी मोहात पाडतात. स्नेक पास, २०१७, इंग्लंडच्या सुमो डिजिटलचा. त्यातला नूडल नावाचा साप खऱ्या सापासारखा चालतो. पुढचं बटण दाबून तो धड पुढे जात नाही, डावी-उजवी नागमोडी वळणं घेतलीत तरच वेग येतो, आणि बांबूवर चढायचं तर शरीराचे वेढे एकेक करून घट्ट करावे लागतात. फार सुंदर खेळ आहे, रविवारी सकाळी चहा घेऊन जरूर खेळा. पण वरून खाली पडलात की सगळं वेटोळं पुन्हा. दुसरा क्लॉप. बेनेट फॉडी नावाच्या डिझायनरचा, ब्राउझरमध्ये फुकट चालणारा. कीबोर्डवरची एच, जे, के, एल ही चार बटणं म्हणजे युनिकॉर्नचे चार पाय. बस्स, चालवा. दोन मिनिटं पोट धरून हसाल, तिसऱ्या मिनिटाला लॅपटॉप मिटवावासा वाटेल. पाहुण्यांना दाखवायला उत्तम.

पहिल्या ढिगात नवख्यांसाठी माझे दोनच: गोट सिम्युलेटर आणि अनटायटल्ड गूज गेम (गूज म्हणजे बदकासारखाच, पण मोठा पक्षी). स्वभावाने तुम्ही मोडतोड करणारे असाल, रागाने कपाट आपटणारे, तर शेळी. कुरापती काढण्यात मजा वाटत असेल, झोपलेल्याच्या कानात गवताची काडी घालणारे असाल, तर गूज. इतका विचार पुरे.

मिळवायचा कसा

यात फार वेळ घालवू नका. कॉम्प्युटर असेल तर स्टीम नावाच्या दुकानात खातं उघडा. भारतात तिथे किमती रुपयांत दिसतात, आणि जूनच्या अखेरीस व डिसेंबरच्या अखेरीस मोठे सेल लागतात. जुने गेम तेव्हा चांगलेच उतरतात. घाई नसेल तर खेळ आवडत्या यादीत टाकून ठेवा, किंमत उतरली की मेल येते.

एक नियम मात्र पाठ करा: विकत घेऊन १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर स्टीम पैसे परत देतं. पहिल्या संध्याकाळीच कळतं की हे आपल्याला झेपतंय की नाही, तेव्हा ठेवू का नको यावर महिनाभर घोळत बसू नका.

मशीन फार भारी लागत नाही. पहिला गोट सिम्युलेटर जुन्या इंजिनावर आहे, माझ्या घरच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर पंख्याचा घरघराट करत का होईना चालतो. गूजही तसाच. गोट सिम्युलेटर ३ मात्र २०२२ चा आहे आणि त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवं. (दुसरा भाग शोधत बसू नका. तो काढलाच नाही, पहिल्यावरून थेट तिसरा. त्यांचे विनोद असेच.) फोनवर शेळी आहे, पण दुकानात तिच्यासारख्या दिसणाऱ्या नकली शेळ्यांचा कळपही आहे. दर मिनिटाला जाहिरात दाखवणाऱ्या त्या शेळ्या डोकं शांत करणार नाहीत. बनवणाऱ्याच्या जागी कॉफी स्टेन हे नाव आहे का ते बघा आणि मगच डाउनलोड करा.

डाउनलोड आदल्या रात्री लावून ठेवा. दमून आल्यावर टक्केवारी सरकताना बघणं यात विश्रांती नसते.

सुरू करण्याआधी दहा मिनिटं

नवीन माणूस इथेच हरतो. शेळी पुढे चालवायची आणि त्याच वेळी आपण तिच्याकडे मागून-वरून बघतोय तो कॅमेरा वळवायचा, ही दोन कामं दोन हातांनी एकदम करायची सवय नसते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर अक्षरशः कळलं. पहिली दहा मिनिटं शेळीला कुठेही न नेता नुसतं गोल गोल फिरवा. डावा हात चालण्याच्या बटणांवर, उजवा हात माउसवर. माउस हलवला की जग फिरतं. हे जमलं की बाकी सोपं.

सेटिंग्जच्या पानावर दोन गोष्टी बघा. माउसचा वेग कमी करा, अगदी निम्मा. मोशन ब्लर असा पर्याय दिसला तर बंद करा, कारण वेगात चित्र पुसट झालं की काही जणांना गाडी लागल्यासारखी मळमळ होते. मला होते. आणि घाटात एस.टी. लागणाऱ्यांनी खोलीतला दिवा चालू ठेवावा, स्क्रीनपासून हातभर लांब बसावं. तरीही गरगरलं तर थांबायचं, 'सवय होईल' म्हणून रेटायचं नाही. गूजमध्ये हा त्रास जवळजवळ नाही, तिथला कॅमेरा लांबून, संथ असतो.

घरात मुलांचा गेम कंट्रोलर असेल तर तो घ्या. कीबोर्डवर लिहिणाऱ्या हाताला ते कामच वाटतं, कंट्रोलर हातात आला की शरीराला कळतं की ऑफिस सुटलं. हे शास्त्र नाही, माझा अनुभव आहे.

पहिली संध्याकाळ: शेळी

गोटव्हिल नावाचं एक छोटं गाव आहे. घरं, रस्ता, पेट्रोल पंप, बांधकामाची क्रेन, अंगणात पार्टी करणारे लोक. तुमची शेळी, जिचं नाव पिल्गोर, तिथे सोडलेली असते. कॉम्प्युटरवर माउसचं डावं बटण म्हणजे धडक. ई म्हणजे चाटणं. क्यू म्हणजे स्वतःहून अंग सोडून देणं. एफ म्हणजे सगळं संथ गतीत. उडीला स्पेसबार. बटणं बदललेली वाटली तर कंट्रोल्सच्या पानावर यादी आहेच.

पहिल्यांदा क्यू शिका. हो, धडकेच्या आधी. उतारावर जा, पळत सुटा आणि क्यू दाबा. शेळी गाठोडं होऊन घरंगळत जाईल. पुन्हा क्यू, उभी. पुन्हा उतार. मी हे पहिल्या आठवड्यात दर संध्याकाळी पाच-सात वेळा करायचे आणि त्यातच माझं निम्मं काम व्हायचं. दिवसभर ताठ बसलेल्या माणसाने पडद्यावर का होईना अंग टाकून दिलेलं बघणं, याला काय म्हणायचं ते म्हणा.

मग जीभ. कशालाही तोंड लावून ई दाबलं की वस्तू जिभेला चिकटते आणि शेळी जाईल तिथे मागे येते. एखादं अवजार जिभेला लावून गर्दीत गोल फिरून बघा. चालत्या गाडीला जीभ लावली तर वस्तू कोण आणि ओढणारा कोण हा प्रश्न उलटा होतो. त्या क्षणी एफ दाबा. शेळी संथपणे हवेत ताणली जाते, मान लांबच लांब होते, आणि मागचे पाय जमिनीवर राहावं की नाही याचा विचार करत असतात. हे एक दृश्य शांतपणे शेवटपर्यंत बघा.

अंगणात ट्रॅम्पोलिन सापडेल, तिच्यावर उड्या मारा. पेट्रोल पंपावर गोंधळ घाला, स्फोट होईल, होऊ द्या. क्रेन दिसली की वर जायचा मोह होईल, पण आज नको. तिथे पडलं की चढण पुन्हा चढावी लागते आणि वर सांगितलेला दुसरा ढीग इथे मागच्या दाराने आत येतो.

तेच गुणांचं. कोपऱ्यात आकडे वाढत असतात, उड्यांचे, धडकांचे, हवेतल्या कोलांट्यांचे. जुन्या स्केटबोर्डच्या गेम्सची ही नक्कल आहे. खाली सूचना येत राहतात, हे करा, ते करा. त्यांच्याकडे पहिले काही दिवस काणाडोळा करा. आम्हा यादीवाल्या लोकांना यादी दिसली की ती संपवल्याशिवाय चैन पडत नाही आणि तिथेच विश्रांतीचंही टार्गेट होऊन बसतं. या गेममध्ये फ्लॅपी गोट म्हणून एक गेममधला गेम आहे, त्यात दहाच्या वर गुण मिळवले की एक बिरुद मिळतं. भाच्याच्या मित्राने त्यापायी एक अख्खी सुट्टी घालवली. तो आनंदी दिसत नव्हता.

गावभर सोनेरी शेळ्या लपवलेल्या आहेत, त्या गोळा केल्या की नवीन करामती उघडतात. त्या समोर आल्या तर घ्या. शोधायला म्हणून निघू नका.

शेळी कुठे भिंतीत अडकून थरथरायला लागली तर घाबरायचं नाही. आधी क्यू दोन-तीनदा दाबा. नाहीच सुटली तर मेनूत जाऊन गाव पुन्हा सुरू करा. तुमचं काही गेलेलं नसतं, कारण तुम्ही काही कमावलेलंच नव्हतं.

दुसरा रस्ता: गूज

गूज म्हणजे बदक नव्हे आणि हंसही नव्हे, पण आमची आई तिला बदकच म्हणते, आणि बदकाच्या अंगात जो पाणवठ्यावरचा आगाऊपणा असतो तो हिच्यात पुरेपूर आहे. मेलबर्नच्या हाऊस हाऊस या चौघांच्या स्टुडिओने हा खेळ केला, सप्टेंबर २०१९ मध्ये आला. सुरुवात म्हणे एका गूजच्या फोटोपासून झाली. त्यांच्यातल्या एकाने आपसातल्या गप्पांत तो टाकला आणि म्हणाला, यावर गेम करू या. नाव शेवटपर्यंत ठरलं नाही, म्हणून अनटायटल्ड.

इथे मोडतोड कमी, त्रास देणं जास्त. इंग्लंडातल्यासारखं शांत खेडं. तुम्ही गूज. हातात कामांची यादी: बागेत शिरा, माळ्याला भिजवा, त्याच्या किल्ल्या चोरा, दाताळं तळ्यात टाका. करता काय येतं? चोचीत धरणं, मान खाली घालून दबकत चालणं, पळणं, 'हॉंक' करून ओरडणं, आणि पंख फडफडवणं. या शेवटच्याचा तिळमात्र उपयोग नाही. पंख फडफडवायचं बटण निव्वळ थाटासाठी दिलेलं आहे, आणि मला वाटतं अख्ख्या खेळाचं मर्म त्या एका बटणात आहे.

पहिल्याच बागेत पिकनिकचं काम आहे. चादर तळ्याकाठी अंथरलेली, तिच्यावर सफरचंद, सँडविच, भोपळा, गाजर, जाम, थर्मास, रेडिओ आणि टोपली नेऊन ठेवायची. सगळ्या वस्तू जातात, रेडिओ घात करतो. चोचीत घेतला की तो वाजायला लागतो. माळी मान वळवतो. आपण गाणं वाजवत पळतोय, मागून तो पळतोय. पकडलंन् तर मारत नाही, झोडपत नाही, आपली वस्तू काढून घेतो आणि कपाळाला आठ्या घालून जागच्या जागी ठेवून येतो. आपण झुडपामागून बघत असतो. तो गेला की परत.

आईला मी हा खेळ नुसता बघायला बसवला होता. दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "अगं, आधी त्याचं दुसरं काहीतरी पळव ना, तो तिकडे जाईल. मग रेडिओ ने." ऐंशीच्या दारातल्या बाईने सांगितलेली ही युक्ती या खेळाची अर्धी किल्ली आहे: माणसाला एका वस्तूत गुंतवा आणि दुसरी उचला. गाजर लांब नेऊन टाकलं, माळी गाजर आणायला गेला, रेडिओ चादरीवर पोचला. टोपीही अशीच. माळी वाकला की टोपी चोचीत. तो बिचारा मग ऊन लागतं म्हणून दुसरी घालतो, आणि यादीतलं तेही काम आपोआप होतं. आईने हे बघून टाळी दिली. आता ती मधूनमधून विचारते, "आज बदक नाही का?"

पियानोकडे कान द्या. क्लोद देबुसी या फ्रेंच संगीतकाराच्या रचनांचे बारीक बारीक तुकडे करून ते खेळाला जोडलेत. तुम्ही दबकत असाल तर दोन-चार सूर, मग शांतता. पाठलाग सुरू झाला की हात भरधाव सुटतो. जणू कुणी वादक तुमच्याकडे बघत बघत साथ करतो आहे. म्हणून हा खेळ आवाज बंद करून खेळू नका. घरात झोपलेले असतील तर इयरफोन लावा.

यादीचं काय? इथे यादी आहेच, पण तिला वेळेची अट नाही. निदान पहिल्या फेरीत नाही. एक काम जमत नसेल तर सोडून दुसरं करा, किंवा काहीच न करता त्या माळ्याच्या मागे मागे फिरून ऐन वेळी हॉंक करा. तो दचकतो. चार-पाच संध्याकाळी पुरतो एवढाच हा खेळ आहे, त्यामुळे पुरवून खा.

सोबतीला कुणी असेल तर

गूजमध्ये २०२० साली दोघांनी मिळून खेळायची सोय फुकट दिली, दोन गूज एकाच बागेत. नवरा-बायकोला फार छान. एकाने ओरडायचं, दुसऱ्याने चोरायचं. गोट सिम्युलेटर ३ मध्ये चौघांना एकाच स्क्रीनवर खेळता येतं, सुट्टीत भाचरं जमली की घराचा बाजार होतो. शिकागोच्या यंग हॉर्सेसचा ऑक्टोडॅड, २०१४ चा, याहून वेडा आहे: सूट घातलेला ऑक्टोपस माणूस असल्याचं सोंग करून संसार करतोय आणि बायको-मुलांना पत्ता नाही. त्याचा एकेक हात-पाय वेगळा हलवावा लागतो, आणि हे अवयव चार जणांत वाटूनही घेता येतात. कॉफी ओतायला लागलेली आमची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही.

पार्टी अ‍ॅनिमल्स मात्र जपून. २०२३ चा, गुबगुबीत कुत्री-मांजरं एकमेकांना ढकलून पाडतात. दिसायला सगळ्यांत गोंडस, पण त्यात हार-जीत आहे, आणि इंटरनेटवरच्या बारा वर्षांच्या मुलाकडून सलग सहा वेळा हरणं मला दमल्या दिवशी मानवत नाही.

लहान मुलं शेजारी असतील तर गूज. शेळीत हाणामारी आणि स्फोट आहेत, सगळं विनोदी, पण पाच वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना धडका देत फिरलं तर मला बोल लावू नका.

किती वेळ, आणि कधी थांबायचं

मी जेवणाआधी बसते, कुकर लावून. तीन शिट्ट्या आणि वाफ जिरेपर्यंतचा वेळ, म्हणजे साधारण अर्धा तास. कुकरचा गजर परिणामकारक असतो, कारण फोनचा गजर 'आणखी पाच मिनिटं' करता येतो. रात्री जेवणानंतर बसलात तर अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत मध्ये थोडा वेळ ठेवा.

थांबायची खूण घड्याळाहून सोपी आहे. जबडा आवळला गेला, खांदे कानांकडे सरकले, तोंडातून 'च्च' निघालं, की तुम्ही विश्रांतीतून कामात शिरलात. तिथल्या तिथे बंद. 'एवढं एक जमवून उठते' हे वाक्य मनात आलं तर आधीच उशीर झालेला असतो.

आणि कधी कधी शेळी होण्याचंही त्राण नसतं. तिमाहीचं रिटर्न भरलेल्या रात्री माउस हलवायचा कंटाळा येतो. त्यासाठी प्लॅसिड प्लास्टिक डक सिम्युलेटर ठेवून द्या, २०२२ चा. पोहण्याच्या तलावात एक प्लास्टिकचं बदक तरंगतंय. तुम्ही बघायचं. थोड्या वेळाने आणखी एक बदक येतं. पाणी त्यांना हलवतं, ती एकमेकांना टकरतात, भिंतीला लागून हळूच वळतात. परवा मी लॅपटॉप उघडा ठेवून कोथिंबीर निवडत होते. मान वर केली तेव्हा तलावात अकरा झाली होती, आणि आई त्यातल्या एकाकडे बोट दाखवून म्हणत होती, "हे मघापासून कोपऱ्यात अडकलंय बघ, कुणीतरी त्याला ढकला."